पाणी संपलं, बॅनर उरले!

आमच्या शेजारच्या वहिनींनी गेल्या फेब्रुवारीत जिल्ह्याच्या गावी भरलेल्या मॅरेथॉनमध्ये नाव नोंदवलं. वय सेहेचाळीस. घरात सासूबाई गुडघ्यांनी बसलेल्या, मुलगी बारावीला. 'या वयात रस्त्यावर धावणार? लोक काय म्हणतील?' यावर पंधरा दिवस चर्चासत्र झालं. शेवटी मुलीनेच बाजू घेतली आणि वहिनींना परवानगी मिळाली. (आपल्याकडे अजून हा शब्द वापरावा लागतो, काय करणार!) मग तीन महिने पहाटे पाचला उठून कॉलेजच्या मैदानावर सराव. फी चारशे रुपये, अंतर दहा किलोमीटर.

त्यांना सोबत म्हणून मी गेले होते. शर्यत साडेसहाला सुटणार होती, सुटली पावणेआठला. प्रमुख पाहुणे यायचे होते ना! तोवर स्टेजवर झुंबा, निवेदकाचे विनोद आणि प्रायोजकांचे सत्कार. शाळांच्या मुली साडेपाचपासून उपाशीपोटी रांगेत उभ्या. बचत गटाच्या बायकांना तर 'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग' दिसावा म्हणून गाडी पाठवून आणलेलं. एवढ्या बायकांसाठी स्वच्छतागृहं किती? दोन. त्यातल्या एकाला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे, वॉचमन स्टेजपाशी. मग बायकांनी काय केलं असेल, तुम्हाला सांगायला नको. पाणीच प्यायल्या नाहीत. प्रवासात करतो तेच. फरक एवढाच, की इथे त्यानंतर उन्हात दहा किलोमीटर धावायचं होतं.

सहाव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. म्हणजे टेबल होतं, बॅनर होता, जार रिकामे होते. पुढे गेलेल्या मुलांनी अर्धं पाणी डोक्यावर ओतून घेतलं होतं. आठव्या किलोमीटरला पोलिसांनी रस्ता वाहनांना खुला केला आणि वहिनींच्या मागे टेम्पोचा हॉर्न. तरी बाई थांबल्या नाहीत, धावत-चालत पोहोचल्या. तेव्हा मांडव उतरवणं चालू होतं. मेडल संपली होती. 'ताई, पत्ता देऊन ठेवा, पाठवून देऊ.' हातात टी-शर्ट पडला तो पुरुषांच्या मापाचा, गुडघ्यापर्यंत येणारा. पाठीवर नऊ प्रायोजकांची नावं मात्र ठळक.

घरी आल्यावर वहिनींना चक्कर आली. भाऊजी पंख्याखाली बसवून एवढंच म्हणाले, 'झाली ना हौस?'

मला राग आला तो या वाक्याचा. भाऊजींवर नव्हे, माणूस वाईट नाही. राग त्यांच्या तोंडी हे वाक्य आणून देणाऱ्यांचा. शर्यत ढिसाळ झाली की पुरुष धावपटू कुरकुर करतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी जाऊन धावतो. बाईची मात्र परवानगीच जाते.

आयोजकांना विचारलं तर म्हणतात, प्रायोजक पैसे देतात ते कमानीसाठी, स्टेजसाठी, टी-शर्टसाठी. पाण्याच्या टेबलासमोर उभं राहून कोण फोटो काढतो? खरं आहे. ज्याचा फोटो येतो त्यालाच पैसा मिळतो. ज्वेलर्स, बिल्डर, क्लासवाले, सगळे कमानीवर नाव मागतात. पण पैसे घेणाऱ्याने आधी पाणी, डॉक्टर, अॅम्ब्युलन्स आणि स्वच्छतागृहं यांचा हिशेब बाजूला काढून मग उरलेल्यात स्टेज बांधायला कोणी अडवलंय?

मोठ्या शहरांतही चुका होतात. 2007 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या शिकागो मॅरेथॉनच्या दिवशी पारा तीस अंशांच्या वर गेला. हजारो धावपटू रस्त्यावर आणि टेबलांवर पाणी मिळेना अशी तक्रार. आयोजक म्हणाले, पाणी पुरेसं होतं. शेवटी साडेतीन तासांनी शर्यतच थांबवावी लागली. एका धावपटूचा मृत्यू झाला, त्याला हृदयाचा विकार असल्याचं शवविच्छेदनात निघालं. शेकडो जणांना उपचार द्यावे लागले. त्या दिवशी सगळ्यात पुढे असणाऱ्यांचे हाल कमी झाले, कारण त्यांच्या बाटल्या वेगळ्या टेबलांवर ठेवलेल्या असतात. हाल झाले ते मागून येणाऱ्यांचे. पण पुढच्या वर्षी त्यांनी टेबलं वाढवली आणि हवामान किती धोक्याचं आहे हे रंगीत झेंड्यांनी सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे पुढच्या वर्षी पाहुणे बदलतात.

आणि प्रायोजक म्हणजे वाईटच, असंही नाही हं. 1984 पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉनच नव्हती. एवढं अंतर बाईला झेपणार नाही म्हणे! कॅथरीन स्वित्झर या धावपटूने एव्हॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला गळ घातली आणि 1978 पासून कंपनीने देशोदेशी खास बायकांच्या शर्यती भरवल्या. बायका 42 किलोमीटर धावतात हे जगाला त्यातून दिसलं आणि ऑलिंपिकचं दार उघडायला त्याची मदत झाली. लिपस्टिक विकणाऱ्यांचा पैसा होता तो! म्हणजे पैसा कोणाचा यापेक्षा तो कुठे खर्च होतो, हे पाहायला हवं.

आपल्याकडे बारामतीच्या लता करे यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. 2020 साली त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण स्टेजवरचा निवेदक दरवेळी हीच गोष्ट सांगतो, तेव्हा मला शंका येते. बाई अनवाणी धावू शकते, म्हणजे तिला काही लागतच नाही, असा सोयीचा अर्थ तर आयोजक काढत नाहीत ना?

तेव्हा मैत्रिणींनो, फी भरण्याआधी फोन करून विचारा. पाण्याची टेबलं किती, शेवटची बाई येईपर्यंत ती चालू राहणार का? रस्ता किती वाजेपर्यंत बंद? बायकांसाठी स्वच्छतागृहं सुरुवातीलाच आहेत की वाटेतही? टी-शर्ट बायकांच्या मापाचे आहेत का? आणि बक्षिसाची रक्कम बायकांना पुरुषांएवढीच आहे का, हेही. संकोच करू नका, चारशे रुपये आपले आहेत.

यंदाचा फॉर्म आला, तेव्हा वहिनींनी फोन केला. पलीकडचा मुलगा जरा गोंधळला. म्हणाला, 'मॅडम, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. सरांना विचारून सांगतो.' त्याला आठ दिवस झाले. फॉर्म अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे आणि वहिनी पहाटे पाचला मैदानावर जातायत.