पॅशन गेली चुलीत!

आपल्या आयटीवाल्यांच्या दोन लाडक्या थापा आहेत. एक, "आपलं काम म्हणजे हमाली राव, त्यात क्रिएटिव्ह काय?" दोन, "एकदा होमलोन फिटू दे, मग नोकरीला लाथ मारून फोटोग्राफीच करणार." चहाच्या टपरीवर रोज ऐका. दोन्हींत गृहीत एकच, की आयुष्याचा अर्थ दुसऱ्या कुठल्यातरी गावी राहतो आणि तिथली एसटी अजून लागायचीय.

मला हे साफ नामंजूर आहे.

डोनाल्ड क्नूथ घ्या. १९७७ साली त्याच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली. छपाई इतकी बेंगरूळ की बघवेना. दुसरा कोणी प्रकाशकाला चार शिव्या हासडून गप्प बसला असता. हा बाबा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच लिहायला बसला. वर्षभरात उरकेल असं वाटलं होतं, गेली जवळजवळ दहा वर्षं! त्यातून 'टेक' निघालं. गणिताचे पेपर आजही त्याच पायावर जुळवले जातात. चूक शोधून देणाऱ्याला हा स्वतःच्या खिशातून चेक पाठवायचा. आता बोला, कोड लिहिणं ही हमाली?

"तो प्रोफेसर, त्याला कुठे डेडलाइन?" बरं. मग आपले अरुण कोलटकर घ्या. पोटापाण्यासाठी जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक. म्हणजे क्लायंट आला, डेडलाइन आली, सगळं आपल्यासारखंच. त्याच १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' आलं. मराठीतला पुढचा संग्रह यायला २००३ उजाडलं. मधली सव्वीस वर्षं हा माणूस एसटीची वाट बघत नव्हता, लिहीत होता.

दोघांनाही अर्थ कुणी अपॉइंटमेंट लेटरसोबत दिला नव्हता. 'हे असं चालणार नाही, मला हे नीट करायचंय' असं वाटलं आणि ते बसले. अर्थ तिथेच तयार होतो, बसल्यावर. आधी नाही.

आणि हो, मॅनेजर "पॅशन दाखवा" म्हणतो तेव्हा खुळ्यासारखे रात्री अकरापर्यंत राबू नका. त्याला पॅशन म्हणत नाहीत, फुकटचा ओव्हरटाइम म्हणतात. काही प्रोजेक्ट खरंच टाकाऊ असतात, कितीही जीव लावा. तिथे पगारापुरतं चोख काम करा, सहाला निघा, आणि घरी जाऊन आपलं काहीतरी उभं करा. एकांकिका लिहा, मराठीसाठी एखादा बरा स्पेलचेकर लिहा. पण या आठवड्यात सुरू करा आणि पूर्ण करा. अर्धवट फोल्डर सगळ्यांकडेच असतात.

आठवड्यातले पाच दिवस रद्दीत घालायचे आणि उरलेल्या दोनांवर जगायचं, हा हिशोब इंजिनिअर म्हणवणाऱ्यांना तरी पटू नये.

होमलोन वीस वर्षांचं आहे, मंडळी. तोवर त्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागलेली असेल.