घरी आलेल्या माणसाची राखण



शेतकऱ्याने जीव दिला की दोन आवाज उठतात. सरकारी कागद म्हणतो, आजारी होता, व्यसनी होता, घरात भांडण होते. आपण म्हणतो, त्याला कर्जाने आणि पडेल भावाने मारले. सरकारी कागद जबाबदारी झटकण्यासाठी लिहिला जातो हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मानसिक आजाराचा शब्द निघाला की आपल्या बैठकीत कपाळाला आठ्या पडतात. या रागात एक माणूस मात्र आपल्या नजरेतून सुटतो. ज्याला खरोखरच मनाचा आजार झाला, ज्याला घरच्यांनी नागपूर, ठाणे, येरवडा किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेले, आणि जो काही आठवड्यांनी आपल्याच फाट्यावर एस.टी.तून उतरला, तो हा माणूस.

आमचे म्हणणे सरळ आहे. कर्ज खरे आहे आणि आजारही खरा आहे. रब्बी ज्वारीला दाणे भरताना पाण्याचा ताण पडला की खडखड्या येतो. ताण होता म्हणून बुरशी नव्हतीच, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. आणि बुरशी सापडली म्हणून पाण्याचा प्रश्न मिटला, असेही म्हणत नाही. भावाची लढाई लढायचीच आहे. पण ती जिंकेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे.

मनोरुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याच्या जिवाला धोका केव्हा जास्त असतो? जगभरचा अभ्यास सांगतो की दाखल झाल्यानंतरचे पहिले दिवस, रजेवर घरी सोडण्याचे दिवस, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सुटी मिळाल्यानंतरचे पहिले आठवडे. तीन महिने तरी हा धोका मोठा राहतो. आपण नेमके उलटे समजतो. माणूस घरी आला म्हणजे बरा झाला, असे धरून आपण औताला लागतो. रुग्णालयात गोळी वेळेवर मिळते, नजर असते. घरी आल्यावर तीच बँकेची नोटीस, तीच सावकाराची फेरी, वर ‘वेड्याच्या दवाखान्यातून आला’ ही कुजबुज, आणि खोलीच्या कोपऱ्यात फवारणीचे डबे. बहुतेक जण यातूनही सावरतात आणि नीट जगतात. पण जे सावरत नाहीत, ते याच दिवसांत हातातून जातात.

डॉक्टरांच्या हातातही जादूचा काटा नाही. प्रश्नांची यादी घेऊन गुण द्यायचे आणि ‘धोका कमी’ किंवा ‘धोका जास्त’ असा शिक्का मारायचा, ही पद्धत फसते. जास्त धोक्याचा शिक्का बसलेले बहुतेक जण जगतात आणि कमी धोक्याच्या शिक्क्याचे काही जण जातात. इंग्लंडच्या आरोग्यखात्याला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०२२ साली अशा याद्यांवर विसंबू नका, असे स्पष्ट सांगितले. कापूसवाल्याला हे समजायला अवघड नाही. पेरणीच्या दिवशी शेत पाहून बोंडअळीचा अंदाज बांधता येत नाही. दर आठवड्याला तासात शिरावे लागते, पाती-बोंडे उघडून पाहावी लागतात, कामगंध सापळ्यातले पतंग मोजावे लागतात. माणसाचा धोकाही असाच आठवड्यागणिक चढतो-उतरतो. त्याला वारंवार भेटावे लागते.

भेटल्यावर काय पाहायचे? ‘मी तुमच्यावर ओझे झालोय’ असे बोलणे. झोप पार उडणे, जीव तळमळणे. औषध बंद करणे. दारू वाढणे. ‘मर’ असे सांगणारे आवाज ऐकू येणे. जनावरे, वस्तू, देणीघेणी एकाएकी दुसऱ्यांच्या स्वाधीन करणे. फार दिवस अस्वस्थ असलेला माणूस कारण नसताना अचानक शांत होणे. पूर्वी एकदा प्रयत्न केलेला असेल तर यातले एक लक्षणही पुरे. रुग्णालयात असतानाच हे दिसले तर भेटीला गेलेल्या नातेवाइकाने परिचारिकेला आणि डॉक्टरला तिथल्या तिथे सांगावे. घरचा माणूस जे ओळखतो ते वॉर्डात दिसेलच असे नाही.

आणि विचारायचे. आडून नाही, सरळ. ‘दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी ठरली आहे. उलट मन मोकळे होते. ‘नाही’ म्हणाला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे, कारण गेलेल्यांपैकी कित्येकांनी आधी ‘नाही’च म्हटले होते. ‘हो’ म्हणाला तर एकटे सोडायचे नाही, फवारणीचे डबे त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायचे, १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन लावायचा, आणि प्रसंग निकराचा असेल तर १०८ ची गाडी बोलवायची. डबा दूर ठेवण्याने काय होते, असे कोणी विचारील. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. पीक घटले नाही.

पाठपुराव्याने जीव वाचतो, याचाही पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला. तो २००८ साली छापून आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांशी सुटीच्या सुमारास तासभर बोलणे आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा भेट किंवा फोन, एवढेच जादा केले. पहिल्या गटात आत्महत्येने गेले २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. ना महाग यंत्र, ना परदेशी औषध.

वसईच्या किल्ल्यालगत पाचूबंदर हे कोळ्यांचे गाव आहे. तिथे ना कापूस ना ज्वारी. पण डोक्यावर कर्ज घेऊन आभाळाच्या भरवशावर कामाला निघणे तिथेही आहे. तिथल्या रोग्याला ठाण्याचे मनोरुग्णालय, यवतमाळच्या रोग्याला दीडशे किलोमीटरवरचे नागपूर. होडी वेळेवर परतली नाही तर कोळीवाडा झोपत नाही. कोणाची होडी, कुठे पाहिली होती, याची विचारपूस सुरू होते. आपणही हुरड्यात आलेल्या ज्वारीला पाखरांपासून राखतो, मचाणावर बसतो, गोफण फिरवतो. घरी आलेल्या माणसाची तीन महिने राखण करणे आपल्याला जड जाऊ नये.

आता सरकारची बाजू. ही भीक नाही, कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ९८ सांगते की रोग्याला सोडताना डॉक्टरने त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून पुढच्या उपचारांची योजना ठरवली पाहिजे. कलम ११५ सांगते की जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे धरावे आणि त्याला उपचार व पुनर्वसन देणे सरकारचे कर्तव्य आहे. तेव्हा पोलिसाच्या भीतीने प्रकार दडवू नका.

प्रत्येक जिल्हा बैठकीने पुढील मागण्या ठरावाने कराव्यात. सुटीचा कागद मराठीत मिळावा, त्यावर पुढच्या तपासणीची तारीख आणि फोन करायच्या माणसाचे नाव असावे. सुटीनंतर तीन दिवसांत आरोग्यखात्याने रोग्याशी संपर्क करावा. इंग्लंडमध्ये असा दंडक आहे. रोजच्या गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यात मिळाव्यात. सुटीनंतर तीन महिने त्या घरावर वसुलीची गाडी जाऊ नये.

आणि गावाने आपल्यापुरते एवढे करावे. असा माणूस परत आला की त्याला विचारून, त्याच्या मर्जीने, त्याचे ऐकून घेणारी दोन माणसे नेमावीत. घरात बाईमाणूस आजारी असेल तर त्यांत एक बाई असावी. पहिल्या आठवड्यात दोनदा, पुढे दर आठवड्याला एक फेरी. चहा घ्यावा, पिकापाण्याचे बोलावे, गोळी घेतली का ते विचारावे, आणि तो सरळ प्रश्न विचारायला लाजू नये.