ब्रेक आवळणें म्हणजे दुरुस्ती नव्हे

ऊंसाच्या गळिताचा हंगाम जवळ आला कीं, गांवोगांव ट्रॅक्टरांची डागडुजी सुरू होते. इंजिनाचें तेल बदललें जातें, चाकांतील हवा पाहिली जाते, ट्रॉलीच्या फळ्या ठोकल्या जातात. आणि अगदीं शेवटीं, निघतां निघतां, मिस्त्रीस "ब्रेक जरा आवळून द्या" असें सांगितलें जातें. मिस्त्री दांडीचा नट दोन आटे फिरवितो, पेडल वरच लागूं लागतें आणि मालकाचें समाधान होतें. आमच्या मतें हें समाधान फार घातक आहे. पेडल खोल जाणें हें रोगाचें लक्षण होय; नट आवळल्यानें लक्षण झांकलें जातें, रोग तसाच राहतो.

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील दोन चाकांवरच चालतात आणि उजव्या व डाव्या चाकाचें पेडल निरनिराळें असतें. तासाच्या टोकाशीं एका चाकास अडवून आखूड वळण घेतां यावें, म्हणून ही योजना. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलें खटक्यानें जोडूनच चालावयाचें असतें. या दुहेरी योजनेंतच पुष्कळ दोषांचें मूळ आहे. शेतांत ज्या बाजूस वारंवार वळावें लागतें, त्या बाजूचें लायनिंग आधीं झिजतें. मग रस्त्यावर जोडलेलें पेडल दाबतांच एक चाक थांबूं पाहतें व दुसरें फिरतच राहतें. ट्रॅक्टर एका अंगास ओढला जातो आणि मागून भरलेली ट्रॉली त्याला रेटीत असते. अशा वेळीं ट्रॅक्टर उलटण्यास किती अवकाश लागतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

म्हणून आधीं लक्षणें नीट वाचावीं. गाडी एका बाजूस ओढत असेल, तर दोन्ही ब्रेक सारखे लागत नाहींत असें समजावें. कोरड्या ब्रेकांत एका चाकाचा ब्रेक एकाएकीं दुबळा झाला किंवा हिसके देऊं लागला, तर धुरीकडील ऑइल सील गळून लायनिंगवर तेल आलें आहे काय, तें पाहावें. येथें नट आवळून कांहींच साधत नाहीं. सील बदलून लायनिंगहि नवें घालावें लागतें. भाताच्या चिखलणीनंतर ब्रेक लागेनासा झाला, तर आंत पाणी व चिखल गेल्याचा संशय घ्यावा. थोडें चालतांच एका बाजूचा ब्रेक तापत असेल, तर तो मोकळा सुटत नाहीं हें उघड आहे. दांडी गंजून अडकली असेल, परतीची स्प्रिंग तुटली असेल किंवा कोणी तरी तो फाजील आवळला असेल. असा घासत राहिलेला ब्रेक तापून दिवसेंदिवस अधिकच निकामी होतो. तेलांत बुडालेल्या ब्रेकांत चिखल सहसा शिरत नाहीं. त्यांचा दोष बहुधा तेल कमी असणें, भलतेंच तेल भरणें किंवा आंतील तबकड्या झिजणें यांत सांपडतो. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकाचें पेडल पायाखालीं लिबलिबीत लागलें, तर नळींत हवा शिरली असावी. दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं बसत गेलें, तर कोठें तरी गळती आहे. त्यांत हाताशीं असेल तें तेल ओतूं नये. रबरी भाग फुगून सर्वच ब्रेक निकामी होण्याचें भय असतें.

परीक्षाहि अवघड नाहीं. ट्रॉली सोडावी, पुढील चाकांस उटी लावावी आणि मागील धुरी भक्कम ठोकळ्यांवर टेकवावी. केवळ जॅकवर विसंबूं नये. गिअर मोकळा ठेवून एकानें एकेक पेडल दाबावें व दुसऱ्यानें तें चाक हातानें फिरवून पाहावें. पेडल सोडल्यावर चाक मोकळें फिरावें, दाबल्यावर अडावें आणि दोन्हीकडे सारखेंच अडावें. पेडलाची मोकळीक किती असावी, तें यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तकांत दिलेलें असतें. दोन्हीकडे तितकीच ठेवावी. शेवटीं मोकळ्या सपाट जागीं, पेडलें जोडून, अगदीं मंद वेगानें चालवून गाडी सरळ थांबते कीं नाहीं, तें पाहावें.

कित्येक म्हणतील कीं, ट्रॅक्टर हें हळू चालणारें वाहन. त्याच्या ब्रेकाचें एवढें अवडंबर कशाला? परंतु वेग दुप्पट झाला कीं थांबण्यास लागणारें अंतर सुमारें चौपट होतें. शिवाय ज्या ट्रॉलीस स्वतःचा चालू ब्रेक नाहीं, तिचें सारें ओझें या दोन चाकांवरच आवरावयाचें असतें. तेव्हां ट्रॉलीचाहि ब्रेक चालू ठेवणें ही चैन नव्हे, आणि उतारावर गिअर काढून गाडी सोडणें ही काटकसर नव्हे. दुरुस्तीस दिवस मोडतो, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच हें काम पहिली खेप भरण्यापूर्वीं उरकलें पाहिजे.

आमची सूचना एवढीच कीं, गांवोगांवच्या सभासदांनीं हंगामापूर्वीं एक दिवस ठरवून, एका जाणत्या मिस्त्रीकडून सर्व ट्रॅक्टर व ट्रॉल्या एकत्र तपासून घ्याव्या. खर्च वांटला जाईल आणि एकाचा दोष पाहून दहा जण शिकतील. मिस्त्रीसहि "आवळून द्या" असें न सांगतां "कां सैल झाला तें पाहा" असें सांगावें. ट्रॅक्टर चालविणारा बहुधा आपलाच मुलगा, भाऊ किंवा गडी असतो, आणि रस्त्यानें समोरून येणारींहि कोणाचीं तरी मुलेंच असतात. नटाच्या दोन आट्यांवर त्यांचा जीव टांगून ठेवण्याचा अधिकार आपणांस नाहीं.