दुसऱ्या दिवशी ठाण्यात कोण बसणार?

दहशतवाद्यांशी तिकडे जाऊन लढलो नाही तर ते इकडे आपल्या दारात येतील, हा युक्तिवाद जॉर्ज बुश यांनी इराक युद्धाच्या काळात सभांमागून सभांत मांडला. बुश सत्तेवरून गेले, त्या युद्धाची इभ्रतही गेली. युक्तिवाद मात्र ठणठणीत आहे. आपल्याकडेही मोठा हल्ला झाला की वाहिन्यांवरच्या चर्चेत तो हजर होतो: किती दिवस सोसायचं? आत घुसा, राजवटच उलथवा, म्हणजे कायमची कटकट मिटेल. या म्हणण्यामागचा संताप खोटा नसतो. त्यामुळे त्यावर ‘युद्धखोरी’चा शिक्का मारून मोकळं होणं सोपं असलं, तरी ते उत्तर नव्हे. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडून मगच खोडायला हवं.

पूर्वपक्ष असा. एक, ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत तेवढा मोठा हल्ला पुन्हा झाला नाही. म्हणजे युद्धाचा उपयोग झाला. दोन, दहशतवाद्यांना सुरक्षित आसरा लागतो. तो सैन्य पाठवल्याशिवाय मोडत नाही. तीन, शत्रू परक्या रणांगणावर गुंतून पडला की त्याला आपल्यापर्यंत यायला सवड मिळत नाही. चार, ‘इस्लामिक स्टेट’चं राज्य शेवटी लष्करी बळानेच संपलं, आणि ते उभं राहिलं तेही अमेरिकी सैन्य लवकर परतल्यामुळे. चारही मुद्द्यांत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणूनच ते टिकून आहेत.

पहिला मुद्दा घेऊ. कोंबडा आरवल्यावर उजाडतं, म्हणून कोंबड्यामुळे उजाडतं असं होत नाही. ११ सप्टेंबरनंतर विमानांच्या कॉकपिटची दारं भक्कम झाली, प्रवाशांची झडती कडक झाली, तपासयंत्रणांनी एकमेकींपासून माहिती दडवणं कमी केलं, पैशांच्या वाटांवर पाळत बसली. ही सगळी कामं घरातली. त्यांच्यासाठी बगदाद जिंकावं लागलं नाही. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटकं दडवून विमानात बसलेल्या रिचर्ड रीडला विमानातल्या कर्मचाऱ्यांनी आणि सहप्रवाशांनी धरलं. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या बॉम्बच्या मोटारीतून धूर निघताना पाहिला तो रस्त्यावरच्या विक्रेत्यांनी. ती मोटार ठेवणाऱ्या फैझल शहजादने न्यायालयात कारण सांगितलं ते इराक-अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजांचं आणि ड्रोन हल्ल्यांचं. खुन्याने दिलेलं कारण हे खुनाचं समर्थन होत नाही. पण ज्या युद्धामुळे आपण सुरक्षित झालो असा दावा आहे, तेच युद्ध भरतीच्या जाहिरातीसारखं वापरलं जात असेल, तर हिशेबात ते धरावंच लागतं.

शिवाय हा हिशेब एकट्या अमेरिकेचा नाही. इराकमध्ये साथ देणाऱ्या स्पेनमध्ये ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत बॉम्ब फुटले आणि १९० हून अधिक माणसं मेली. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये ५२ जण मारले गेले; चार हल्लेखोरांपैकी तिघं ब्रिटनमध्येच जन्मलेले. इराकवर चाल केली तर अल कायदाचा धोका वाढेल, असा इशारा ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीने फेब्रुवारी २००३ मध्येच दिला होता. युद्धाच्या वेळी एमआय-फाइव्ह या ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या प्रमुख असलेल्या एलायझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी २०१० मध्ये इराक युद्धाबद्दलच्या चिलकॉट चौकशीपुढे साक्ष दिली, की इराकमुळे देशातला धोका खूपच वाढला आणि आपल्याला खात्याचं अंदाजपत्रक दुप्पट करून मागावं लागलं, ते मिळालंही. युद्धाने देश सुरक्षित झाला असता, तर घरच्या पहाऱ्याचा खर्च दुप्पट कशाला झाला असता?

दुसरा मुद्दा आसऱ्याचा. इथे प्रतिपक्षाला काही देणं भाग आहे. २००१ च्या अखेरीस अफगाणिस्तानातले अल कायदाचे तळ उद्ध्वस्त झाले, हे खरं आणि योग्यही. हल्ला करणाऱ्याला आसरा देणाऱ्या राजवटीवर प्रहार करणं समजण्यासारखं होतं. पण तळ मोडायला काही महिने लागले. नंतरची जवळजवळ वीस वर्षं देश चालवण्यात गेली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये परतले आणि सगळं होतं तिथे आलं. मधल्या काळात अल कायदाचा प्रमुख लादेन सापडला तो अमेरिकेचा मित्र म्हणवणाऱ्या पाकिस्तानात, ॲबटाबादच्या लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर. त्याचा वारस जवाहिरी जुलै २०२२ च्या अखेरीस काबूलमध्ये ड्रोनने टिपला गेला, तेव्हा तिथे अमेरिकेची एकही छावणी उरली नव्हती. आणि ११ सप्टेंबरच्या कटाचा म्होरक्या महंमद अत्ता हा हॅम्बुर्गला शिकत होता. विमान चालवायला शिकला तो फ्लोरिडात. आसरा डोंगरातच असतो असं नाही. भाड्याच्या खोलीतही असतो, आणि तिथे रणगाडा उपयोगाचा नसतो.

इराकची गोष्ट तर आणखी वेगळी. १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी होते, इराकी एकही नव्हता. अमेरिकेच्याच ९/११ आयोगाला सद्दाम आणि अल कायदा यांच्यात मिळून काम केल्याचा पुरावा सापडला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं, तर सद्दाम काही संन्यासी नव्हता. तो क्रूर हुकूमशहा होता. पण या चोरीत तो नव्हता.

तिसरा मुद्दा सर्वांत जास्त भुरळ घालणारा: शत्रूला तिकडे गुंतवा. त्यात गृहीत असं, की दहशतवाद्यांची संख्या ठरलेली आहे आणि मारत गेलं की ती घटत जाते. या गृहीताला खुद्द संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनीच ऑक्टोबर २००३ च्या एका अंतर्गत टिपणात हात घातला होता. आपण रोज जितके मारतो, पकडतो, त्याहून जास्त नवे तयार तर होत नाहीत ना, असा त्यांचा प्रश्न होता. हे मोजायचं मापच आपल्याजवळ नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली होती. नवे कसे तयार होतात, ते फलुजात दिसतं.

बगदाद ९ एप्रिल २००३ रोजी पडलं. फलुजा हे त्याच्या पश्चिमेचं सुन्नी शहर. तिथे मोठी लढाई झालीच नव्हती. एप्रिलच्या अखेरीस अमेरिकी सैनिक एका शाळेत मुक्कामाला बसले. २८ एप्रिलच्या रात्री लोक शाळेपुढे जमले. शाळा मोकळी करा, मुलांचे वर्ग सुरू होऊ द्या, ही त्यांची मागणी. जमावातून आधी गोळी आली असं सैनिकांचं म्हणणं, तर जमाव निःशस्त्र होता असं गावकऱ्यांचं. ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या चौकशीत १७ मृत आणि ७० हून अधिक जखमी नोंदले गेले. समोरच्या घरांच्या भिंतींची गोळ्यांनी चाळण झालेली होती. शाळेच्या भिंतीवर मात्र गोळीबार झाल्याचा ठाम पुरावा तपासणाऱ्यांना आढळला नाही. ज्या गावात कालपर्यंत एकही आघाडी नव्हती, तिथे त्या एका रात्रीने सतरा बळी घेतले. वर्षभरात त्याच फलुजात चार अमेरिकी कंत्राटी रक्षकांना मारून त्यांच्यातल्या दोघांचे देह पुलावर टांगले गेले. २००४ मध्ये दोनदा शहरावर मोठा हल्ला झाला. आणि जानेवारी २०१४ मध्ये इराकमधलं ‘इस्लामिक स्टेट’च्या ताब्यात गेलेलं पहिलं मोठं शहर तेच ठरलं.

एका रात्रीचा गोळीबार हे याचं एकमेव कारण नव्हे. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन हुकूम काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या माणसांना सरकारी नोकरीतून काढलं, दुसऱ्याने अख्खं इराकी सैन्य विसर्जित केलं. लाखो माणसं एका सहीने घरी बसली. हातात हत्यार, अंगात कवायत, घरात पगार नाही आणि मनात अपमान. त्यांच्यातलाच एक, सद्दामच्या हवाई संरक्षण दलाच्या गुप्तवार्ता विभागातला कर्नल, पुढे हाजी बक्र या नावाने ‘इस्लामिक स्टेट’च्या यंत्रणेचा आराखडा आखणारा झाला. अबू बक्र अल बगदादी २००४ मध्ये अमेरिकेच्याच बुक्का छावणीत कैदेत होता. शत्रू तिकडे गुंतून पडला नाही. तिकडे तो शिकला, जमला आणि वाढला.

चौथ्या मुद्द्याला याच ओघात उत्तर मिळतं. २०१७ मध्ये मोसुल आणि २०१९ मध्ये सीरियातलं बागूझ घेऊन ‘इस्लामिक स्टेट’चं राज्य संपवलं ते शस्त्रांनीच. पण जमिनीवर लढले ते मुख्यतः इराकी आणि कुर्द. इराक सरकारने बोलावल्यावर अमेरिका आकाशातून आणि सल्ल्याने साथ देत होती. मेले ते बहुतांशी तिथलेच आणि मागे राहिले तेही तिथलेच. २०११ ची माघार घाईची होती म्हणावं, तर तिची तारीख बुश सरकारनेच २००८ च्या करारात मान्य केली होती. त्याआधी इराकच्या अनबार प्रांतातल्या टोळीप्रमुखांनी अल कायदाविरुद्ध उठाव करून जी बाजू सावरली होती, ती पुढे पंतप्रधान मलिकी यांनी सुन्नींना दूर लोटून घालवली. म्हणजे या मुद्द्यातून सिद्ध होतं ते एवढंच: दहशतवादाची मुळं त्या भूमीतली सत्ता उपटू शकते, किंवा तीच त्यांना पाणी घालते. परकं सैन्य फार तर मदतीला उभं राहू शकतं.

हा धडा आपण अमेरिकेकडून उसना घ्यायचीही गरज नाही. जुलै १९८७ च्या करारानुसार भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. ती तमिळ वाघांकडून शस्त्रं खाली ठेवून घेणार होती. ऑक्टोबरात त्यांच्याशीच तिला लढावं लागलं. मुंबईत जन्मलेले आणि एसआयईएस महाविद्यालयात शिकलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमधले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागलेली असताना ते लढत राहिले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी झाले. जवानांच्या शौर्यात काही कमी नव्हतं. उणीव होती ती ही, की जिच्यासाठी लढायचं ती तिथली सत्ताच आपल्या बाजूची नव्हती. श्रीलंकेच्याच प्रेमदासा सरकारने भारतीय सैन्याला घालवण्यासाठी वाघांनाच हत्यारं पुरवली. सुमारे १,२०० जवान गमावून मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली आणि २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला वाघांनी राजीव गांधींची हत्या केली. तिकडचं युद्ध इकडे आलं ते असं.

मग करायचं काय? नुसतं खंडन करून थांबलो, तर सोसत राहा एवढाच त्याचा अर्थ निघेल. तसा तो नाही.

ईशान्येकडे पाहा. आसामातल्या उल्फा आणि इतर बंडखोर संघटनांचे तळ अनेक वर्षं भूतानच्या जंगलात होते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्याच सैन्याने ते मोडले. भारताने आपल्या बाजूने सीमा रोखून धरली. २००९ मध्ये बांगलादेशात शेख हसीना यांच्या सरकारच्या काळात उल्फाचा अध्यक्ष अरबिंद राजखोवा भारताच्या हाती आला. त्याच्या गटाने डिसेंबर २०२३ मध्ये शांतता करारावर सही केली. उल्फाच्या दुसऱ्या गटाचा म्होरक्या परेश बरुआ अजून बाहेर आहे, पण आसामचं आजचं चित्र नव्वदीच्या दशकासारखं नाही. यासाठी थिंफू किंवा ढाका जिंकावं लागलं नाही. तिथल्या सत्तेला हे काम आपलं वाटेल इतकी वर्षं खपावं लागलं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर अजमल कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि अंगावर गोळ्या घेतल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, म्हणून कराचीतून निघालेला कट नाकारणं पाकिस्तानला अवघड गेलं. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांचा स्वतःचा कल सुरुवातीला लष्करी प्रत्युत्तराकडे होता; संयमाचा निर्णयच बरोबर होता, असं त्यांनी नंतर लिहिलं. युद्ध झालं असतं तर जगाचं लक्ष कटावरून उडून युद्धावर गेलं असतं आणि पाकिस्तानात सारे लष्करामागे उभे राहिले असते. त्याऐवजी कटात सामील असलेल्यांपैकी हेडली शिकागोत पकडला गेला, मूळचा बीडचा अबू जुंदाल २०१२ मध्ये सौदी अरेबियाने आपल्या हवाली केला, तहव्वूर राणा २०२५ मध्ये अमेरिकेहून आला. इकडे राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली, एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं, महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ उभारलं, किनाऱ्याची गस्त वाढली.

यावर हमखास आक्षेप येतो: भूतान मित्र होता, पाकिस्तानात तर सत्ताच आसरा देते, आणि संयमाने उरी, पुलवामा, पहलगाम कुठे टळलं? आक्षेप रास्त आहे. २६/११ च्या मुख्य सूत्रधारांना त्या गुन्ह्यासाठी अजून शिक्षा झालेली नाही, हेही खरं. पण २०१६ चे सर्जिकल स्ट्राइक, २०१९ चं बालाकोट आणि २०२५ चं ‘ऑपरेशन सिंदूर’ हे सारे मोजके प्रहार होते: मारायचं आणि थांबायचं. त्यांचा धाक किती टिकतो, हा वेगळा आणि न सुटलेला वाद आहे. बालाकोटनंतरही पहलगाम झालंच. ‘आत घुसून राजवट उलथवा’ या मागणीला मात्र त्या प्रहारांतून आधार मिळत नाही. उलट प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर सरकारने, कोणत्याही पक्षाचं असो, ती मागणी बाजूलाच ठेवली. कारण उघड आहे. चोवीस कोटींच्या आसपास लोकसंख्येचा अण्वस्त्रधारी देश ताब्यात घेऊन तिथे फलुजा उभे राहणार नाहीत, अशी खात्री कोणताही सेनापती देणार नाही. अशा सत्तेवर चालतो तो दबाव: पुरावा, पैशांच्या वाटा, परदेशांतला एकटेपणा. दहशतवादाच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत असतानाच पाकिस्तानला २०२० मध्ये लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईदवर दहशतवादाला पैसा पुरवल्याचा गुन्हा सिद्ध करावा लागला. गती कासवाची आहे. पण त्या वाटेवर नवे हाजी बक्र तयार होत नाहीत.

सैन्य तळ मोडू शकतं, माणूस टिपू शकतं, वेढलेल्या मित्राला सोडवू शकतं. परक्या गावात ते पोलीस, न्यायाधीश आणि मामलेदार होऊ शकत नाही, आणि दहशतवाद तर नेमक्या याच तीन खुर्च्या रिकाम्या असतात तिथे पोसतो. म्हणून घुसण्याची मागणी करणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच: राजधानी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या ठाण्यात कोण बसणार, आणि गावकरी त्याच्याकडे तक्रार घेऊन जातील का? याचं उत्तर नसेल, तर ती मागणी सुडाची आहे. सूड घ्यावा की नाही, यावर खुशाल वाद घालू. त्याचा खर्च मात्र सुरक्षेच्या खात्यावर मांडू नये.