आमच्या पायांचे माप कोण घेणार?

(द्वितीय वर्ष, कला)

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. अंथरुणाच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण हाच न्याय चपलांच्या दुकानातही लावला जातो आणि तिथे मात्र मला तो मान्य नाही. 'चप्पल पाहून पाय आखडावेत' अशी म्हण अजून कोणी केलेली नाही. तरीही आपल्या उपनगरांतल्या कितीतरी मुली आणि बायका रोज त्या न केलेल्या म्हणीप्रमाणेच चालत असतात.

विषय क्षुल्लक वाटेल. ज्या अंकात बेकारी, स्त्रीमुक्ती आणि पर्यावरण यांवर लेख येतात, त्या अंकात चपलेवर काय लिहायचे, असे माझ्या मैत्रिणीनेही मला विचारले. मी तिला म्हटले, ज्या पायांवर उभे राहून स्त्रीमुक्तीवर भाषण करायचे ते पायच ठणकत असतील, तर भाषण लवकर आटोपते घ्यावे लागते!

माझे पाय पंजाला रुंद आहेत. अंगठ्याच्या मुळाशी हाड थोडे बाहेर आलेले आहे आणि टाच मात्र अरुंद. लांबीने पाहिले तर मला चार नंबर लागतो. रुंदीने कितवा लागतो, ते आजवर कोणत्याही दुकानदाराला सांगता आलेले नाही. माझ्या आईचेही पाय असेच आहेत. तिचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, ढेकळांतून अनवाणी चालण्यात गेले. वडील माथाडी कामगार. पाठीवर पोते घेतल्यावर पायाची बोटे कशी पसरतात, ते त्यांच्याकडे पाहून कळते. आमच्या घरात पादत्राण म्हणजे काट्याखड्यापासून आणि तापलेल्या डांबरापासून बचाव, एवढाच अर्थ होता. समारंभासाठी वेगळे, दिसायला देखणे सँडल घ्यायची वेळ घरात पहिल्यांदा आली ती माझ्यामुळे. कॉलेजात येणारी घरातली पहिली मी, तशी ही अडचण घरी आणणारीही पहिली मीच.

त्या एका जोडासाठी मी घाटकोपरच्या स्टेशन रस्त्यापासून अंधेरी, बोरिवली आणि शेवटी वांद्र्याच्या लिंकिंग रोडपर्यंत फिरले. देखणे सँडल सगळीकडे होते. नाजूक पट्ट्यांचे, मोत्यांचे, सोनेरी. त्यांतल्या एकातही माझा पंजा शिरत नव्हता. एका दुकानातला मुलगा अगदी आदराने म्हणाला, "ताई, जेन्ट्समध्ये बघा ना." त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्यासमोर जे खोके होते, त्यातून त्याला दुसरे उत्तर सापडत नव्हते, इतकेच. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला भर दुकानात हे ऐकताना काय वाटते, ते ज्यांनी ऐकले असेल त्यांना वेगळे सांगायला नको.

दुकानात नेहमी दोनच उपाय सुचवले जातात. पहिला, 'घालून घालून सैल होईल'. म्हणजे चप्पल सैल होईपर्यंत पायाने सोसायचे! दुसरा, 'एक नंबर मोठा घ्या'. हा उपाय तर त्याहून फसवा. आपल्याकडे चालणारा नंबर इंग्रजांचा आहे. त्यात एका नंबराचे अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. इंग्रज या मापाला 'बार्लीकॉर्न', म्हणजे जवाचा दाणा म्हणत. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या पायांना आजही जवाच्या दाण्याने मोजले जाते, ही गंमतच म्हणायची. पण खरी मेख पुढेच आहे. हा नंबर लांबीचा आहे. रुंद पायाच्या मुलीने चारऐवजी सहा नंबर घेतला, तर पुढे बोटांपलीकडे तळ उरतो, पट्टा भलत्याच जागी येतो आणि टाच मागे सुटते. अशा सँडलने घाटकोपर स्टेशनचा जिना गर्दीच्या वेळी उतरून पाहावा! तेव्हा ही केवळ नटण्याची नव्हे, तर पडण्याचीही गोष्ट आहे.

मग प्रश्न असा की, दोष कोणाचा? पायाचा की मापाचा?

विज्ञानाची साक्ष पायाच्या बाजूने आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या जन्मभर अनवाणी चालणाऱ्या माणसांचे पाय मोजले गेले. ते अधिक रुंद होते आणि चालताना तळव्यावर येणारा भार त्यांच्यात अधिक सारखा वाटला जात होता. त्याआधी १९९२ साली राव आणि जोसेफ या दोन भारतीय डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पायांची पाहणी प्रसिद्ध केली होती. सपाट तळव्याचे प्रमाण बूट घालणाऱ्या मुलांत सर्वांत जास्त, चपला-सँडल घालणाऱ्यांत कमी आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी, असे त्यांना आढळले. अनवाणी फिरा असे मी म्हणत नाही. मुंबईच्या रस्त्यावर ते शक्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही. पण ज्या पंजाला दुकानात 'बेढब' ठरवले जाते, तो प्रत्यक्षात काम केलेला, नीट वाढलेला पंजा असू शकतो, एवढे तरी मान्य व्हायला हवे.

आणि असे पाय काही माझ्या एकटीचे नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १ लाख १ हजार ८८० माणसांचे पाय मोजले. भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत, असा निष्कर्ष निघाला. त्यावरून आपली स्वतःची मापपद्धती आखण्यात आली आणि तिला 'भ' हे नाव सुचवले गेले. भारताचा 'भ'! २०२४ साली वृत्तपत्रांत ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या घराविषयीच कोणी लिहिले आहे असे वाटले. दुकानात मात्र मी विचारते तेव्हा अजून तोच जुना चार, पाच, सहा ऐकू येतो. माप कागदावर आले, खोक्यापर्यंत पोहोचायचे आहे.

ते का पोहोचत नाही, हे समजून घ्यायला मी ठक्कर बाप्पा कॉलनीत गेले होते. चेंबूर-कुर्ल्याकडची ही वस्ती चपला-बुटांच्या कारागिरांची म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्या चाळीतल्या एका काकांच्या ओळखीने एका कारखान्यात बसायला मिळाले. कारखाना म्हणजे पोटमाळ्याची एक खोली. ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साच्यावर चप्पल ताणून बसवतात, त्याला तिथे 'फर्मा' म्हणतात. तिथला प्रत्येक फर्मा पुढे निमुळता होता. रुंद का नाही, असे मी विचारले. कारागिराने हातातले काम न थांबवता सांगितले की, फर्मे शेठ देतो, माल डझनावर जातो आणि रुंद फर्म्याला कातडे जास्त लागले तरी दर तोच मिळतो. शिवाय एकेका नंबरात दोन-दोन रुंदी ठेवल्या, तर दुकानदाराला माल दुप्पट भरावा लागेल. म्हणजे आमच्या पायांना जागा नाही ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर हिशेबामुळे. पण हिशेब बदलता येतो. मागणी दिसली की व्यापारी तो स्वतःच बदलतो. अडचण अशी की, आपली मागणी कधी दिसतच नाही. आपण ओशाळून दुकानातून बाहेर पडतो आणि दुकानदाराला वाटते, ताईंना रंग आवडला नाही!

येथे कोणी म्हणेल, 'एवढे कशाला, सरळ कोल्हापुरी घाला की!' सूचना चांगली आहे. कोल्हापुरीचा तळ पुढे ऐसपैस असतो आणि कारागीर पाय पाहून अंगठा आणि पट्टा कमीजास्त करून देऊ शकतो. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांच्या नावे तिला भौगोलिक मानांकन आहे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी 'प्राडा' या कंपनीने अगदी तशाच चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. इकडे गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने ते ऋण मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन दोन हजार जोड इथल्या कारागिरांच्या साहाय्याने करायचे ठरले. आपण जिला 'गावठी' म्हणून वर्षातून एकदा, पारंपरिक वेशाच्या दिवशीच बाहेर काढतो, ती परदेशी मंचावर गेली की आपल्याला देखणी वाटू लागते, यातच आपली पारख कळते. ज्या समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या घडवली, त्याला आपण कसे वागवले हा तर याहून मोठा प्रश्न. पादुकांना फुले वाहायची आणि त्या घडवणाऱ्या हाताला दूर ठेवायचे, असा आपला इतिहास आहे.

तरीही कोल्हापुरी हे सगळ्याचे उत्तर नव्हे. नवी असताना ती चावते. तळ कडक असल्यामुळे तासन्‌तास उभे राहणाऱ्याची टाच दुखते. झाडांच्या साली-फळांनी कमावलेले तिचे कातडे पावसात भिजले की बिघडते आणि मुंबईत पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. उलट, मधुमेहाच्या रुग्णांना देतात ती मऊ रबराची एम.सी.आर. चप्पल पायाला सुख देते, पण माझी आत्या लग्नाला जाताना ती घरी ठेवते. कारण ती पाहून लोक तब्येतीची चौकशी सुरू करतात! एकीकडे देखणे आणि दुखरे, दुसरीकडे सुखाचे आणि रुग्णाईत. या दोहोंच्या मधले काही मागणे म्हणजे चैन आहे का? मला वाटते, नाही. चारचौघांत ताठ मानेने उभे राहण्याचा हक्क अरुंद पायांनाच दिलेला नाही.

हे मी आपल्या कॉलेजातही पाहिले आहे. गेल्या स्नेहसंमेलनात स्वागत समितीतल्या मुलींना 'साडी आणि उंच टाचेचे सँडल' अशी सूचना होती. मुलुंडहून येणाऱ्या माझ्या एका वर्गभगिनीने 'घरी काम आहे' म्हणून नाव मागे घेतले. काम काही नव्हते. तिच्या पायात बसेल असे सँडल तिला मिळाले नव्हते आणि साध्या चपलेत उभे राहिले तर कोणी काही बोलेल, ही भीती होती. पुष्पगुच्छ देण्याची संधी एका मुलीने गमावली ती गुणांअभावी नव्हे, दीड-दोन इंचांच्या टाचेअभावी. उंच टाचेने शरीराचा भार पुढच्या पंजावर येतो, म्हणजे जो भाग आधीच चिमटलेला असतो त्याच्यावरच. तेव्हा आदरणीय प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, यंदाच्या सूचनेत फक्त 'नीटनेटके पादत्राण' एवढेच शब्द असावेत. स्वागताची शोभा हसऱ्या चेहऱ्याने येते आणि पाय ठणकत असताना हसणे फार अवघड जाते.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. त्याआधी घरी जाड पुठ्ठ्यावर उभे राहून दोन्ही पायांची रेघ आखून घ्या आणि पुठ्ठा कापा. दोन पाय क्वचितच अगदी सारखे असतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरा. तो पुठ्ठा सँडलच्या तळावर ठेवला आणि कडेने बाहेर आला, तर घालून पाहायचीही गरज नाही. शिवलेल्या बंद पट्ट्यापेक्षा बकलचा पट्टा बरा, कारण तो पुढे सैल आणि टाचेशी घट्ट करता येतो. उंची हवीच असेल तर टोकदार टाचेऐवजी सलग जाड तळ घ्या. आणि मुख्य म्हणजे, दुकानात मोठ्याने विचारा, "यात रुंद माप आहे का?" नाही म्हणाले तरी विचारा. दहा जणींनी विचारले की अकरावीसाठी कोणीतरी खोका मागवून ठेवील.

आमच्या आयांनी पायांविषयी तक्रार केली नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नाही. त्यांच्याच पायांची ठेवण घेऊन आम्ही आता वर्गात, व्यासपीठावर आणि उद्या कचेऱ्यांत जाणार आहोत. ते पाय लपवण्याजोगे मुळीच नाहीत. मापे माणसाने केली आहेत. ती पुन्हा करता येतील.