पडताळणीचा शेवटचा शिक्का कुणाचा?

हैदराबादमधील कुकटपल्लीच्या जेएनटीयूत शिकायला येणारा परदेशी विद्यार्थी किती कार्यालयांच्या हातून जातो, ते पाहावे. व्हिसा दूतावासाचा, शमशाबाद विमानतळावरचा शिक्का इमिग्रेशनचा, मुक्काम लांबणार असेल तर नोंदणी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, म्हणजे एफआरआरओकडे. विद्यापीठाने आणि हॉस्टेलचालकाने कळवायचे ते वेगळेच. संशय आला की दारात उभा राहतो तो मात्र राज्याच्या ठाण्यातला पोलीस. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे एकत्र आणले. कायदा एक झाला, जबाबदारी मात्र अजून विखुरलेलीच आहे.

ती विखुरलेली असली की काय होते, हे मुंबईने सोसले आहे. डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात अमेरिकी पासपोर्टवर रीतसर व्हिसा घेऊन वारंवार आला आणि मुंबईची टेहळणी करून गेला. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मार्च २००९ मध्ये तो पुन्हा भारतात येऊन गेला, तरी कुणाला सुगावा लागला नाही. व्हिसा, प्रवेश आणि मुक्काम यांच्या नोंदी एकमेकींशी पडताळल्या जात नव्हत्या. त्या जोडण्यासाठी केंद्राने २०१० मध्ये आयव्हीएफआरटी प्रकल्प मंजूर केला, आणि ते आवश्यकच होते.

पण नोंदी जोडल्या म्हणजे उत्तर मिळाले असे होत नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय असल्याची कागदपत्रे बंगालमधून पाठवली गेली होती. शेवटी बीएसएफला बांगलादेशी सीमारक्षकांशी बोलून त्यांना परत आणावे लागले. पकडणारे एक, सीमेवर नेणारे दुसरे आणि खरे काय ते सांगू शकणारे तिसरेच. त्या तिसऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे बंधन कुणावरच नव्हते. उलट, गृह मंत्रालयाच्या मे २०२५ च्या सूचनेत मूळ जिल्ह्याच्या उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत होती आणि ती उलटली की पाठवणीचा मार्ग मोकळा होता. एखाद्या कार्यालयाने फाईल उघडली नाही, याची शिक्षा माणसाने देश गमावून भोगायची, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

पडताळणी लांबली तर घुसखोर पसार होतील, असा आक्षेप घेतला जाईल. भीती खोटी नाही. बनावट आधार कार्डे सर्रास मिळतात, हेही खरे. म्हणूनच केवळ कार्ड पाहून भागणार नाही. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, आईवडिलांचे मतदारयादीतील नाव हे सारे मूळ गावीच तपासता येते. संशयिताला तोवर न्यायालयाच्या देखरेखीखाली ठेवता येईल, पण उत्तराची जागा मुदत घेऊ शकत नाही. कुकटपल्लीच्या इमारतींवर बिहार, ओडिशा, बंगालचे मजूर राबतात. त्यांच्यापैकी कुणाला उचलले, तर मूळ जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची नावानिशी, लेखी नकारार्थी नोंद आल्याशिवाय बीएसएफने ताबा स्वीकारू नये. नव्या कायद्याच्या नियमांतच ही अट केंद्राने घालावी आणि ती घालण्यासाठी तेलंगणा व महाराष्ट्र सरकारांनी आग्रह धरावा.