फॉरमॅट मारण्याआधी...

इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन झाली की डिग्रीसाठी चार वर्षं थांबावं लागत नाही. गाव पहिल्याच दिवाळीत आपल्याला एक पदवी देऊन टाकतं : ‘कॉम्प्युटरवाला’! मग ब्रँच सिव्हिल असो नाहीतर मेकॅनिकल. आमच्या वरकुट्यात (ता. इंदापूर) सुट्टीला आलेला पोरगा बॅग टेकवतो न टेकवतो तोच कुणीतरी चुलते, मामा दारात हजर. “आरं, तेवढं आमचं मशीन बघ की. सारखं हँग मारतंय.” आणि आपल्यातले बरेच जण मशीनचं तोंडही न बघता डॉक्टरच्या थाटात सांगून मोकळे होतात, “फॉरमॅट मारावा लागंल!”

मित्रांनो, या ‘फॉरमॅट मार’ संप्रदायाच्या विरोधात हा लेख आहे. माझं म्हणणं साधं आहे. हँग होणं हा रोग नाही, लक्षण आहे. ताप आला म्हणून कुणी घर पाडत नाही. लक्षण दिसल्याबरोबर सगळं पुसून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, ते पुरावा नष्ट करणं झालं. आणि हे जर इंजिनिअरिंगचा विद्यार्थीच करत असेल, तर तो शिकतोय तरी काय?

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? तर त्या मशीनमध्ये काय असतं ते आधी बघा. हॉस्टेलवरच्या आपल्या मशीनमध्ये पिक्चर आणि गेम्स असतात, गेले तर रूम पार्टनरकडून परत मिळतात. गावाकडच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये दुधाचा हिशोब असतो, डाळिंबाच्या फवारण्यांच्या तारखा असतात, बहिणीच्या लग्नाचे फोटो असतात, आणि गेलेल्या आजीचा एकुलता एक फोटो असतो. याची दुसरी कॉपी कुठेच नसते. ‘बॅकअप’ हा शब्द त्या घरात आपण नेला तरच जाणार!

आमच्या शेजारच्या तात्यांचं उदाहरण सांगतो. मशीन अर्धा तास चालायचं आणि गोठायचं. माऊस हलेना, घड्याळ पुढे सरकेना. त्यांनी ते तालुक्याला एका दुकानात नेलं. दुकानदाराने न विचारता सगळी डिस्क फॉरमॅट करून दिली, डी ड्राइव्हसकट. तीन वर्षांचा दुधाचा हिशोब गेला. चौथ्या दिवशी मशीन परत हँग! शेवटी कॅबिनेट उघडलं तेव्हा कळलं, की प्रोसेसरवरचा पंखा धुळीने आणि पाचट जाळल्यावर उडणाऱ्या काजळीने पार जाम झाला होता. प्रोसेसर तापत होता, म्हणून मशीन गोठत होतं. ब्रश मारला, पंखा फिरला, काम झालं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते असं!

मग करायचं काय? आधी हे ठरवा, की नेमकं कोण अडकलंय. एक प्रोग्राम, की अख्खं मशीन? कॅप्स लॉक दाबून बघा. की-बोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर आतमध्ये बहुतेक जीव आहे, फक्त एखादा प्रोग्राम रुसलाय. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि कोण किती खातंय ते बघायचं. रॅम भरलेली असेल तर विंडोज हार्ड डिस्कचा तुकडा रॅम म्हणून वापरायला लागते, आणि फिरणारी डिस्क रॅमच्या मानाने साधारण लाखपटीने मंद! अशा वेळी मशीन मेलेलं नसतं, धापा टाकत असतं. त्याला दोन-चार मिनिटं द्या. स्क्रीनवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. एखादी विंडो पाच सेकंद काही उत्तर देत नसेल तर विंडोज तिच्यावर ही पाटी लावते, एवढाच त्याचा अर्थ. तो प्रोग्राम कधीतरी परत येईल की कायमचा फिरत राहील, हे कुठल्याही प्रोग्रामबद्दल हमखास सांगणारी एकच रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ सालीच सिद्ध करून ठेवलंय. आपण तो ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’ परीक्षेपुरता पाठ करतो आणि घरी जाऊन दहाव्या सेकंदाला पॉवरचं बटण दाबून धरतो!

दिवाही लागत नसेल तर मात्र मशीन खरंच गोठलंय. तेव्हा बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही. पण बंद करण्याआधी वहीत दोन ओळी लिहा : किती वाजता झालं, काय चालू होतं, लाईट नुकतीच येऊन गेली होती का. परत चालू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं तर मशीन नीट बंद न होता परत चालू झालं, इतकंच कळतं. पण त्याच्या आगेमागे ‘डिस्क’ या नावाने बॅड ब्लॉकची नोंद असेल तर हार्ड डिस्क निघण्याच्या तयारीत आहे. मग आधी फोटो आणि हिशोब पेनड्राइव्हवर घ्या, बाकी नंतर. अशा डिस्कवर फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं. डिस्क ठीक असेल तर लाईटची पिन काढून कॅबिनेट उघडा, धूळ झाडा, रॅम काढून तिचे पाय खोडरबराने पुसून परत बसवा. गावाकडे व्होल्टेज सारखं खाली-वर होतं, तेव्हा यूपीएसची बॅटरी आणि घराचं अर्थिंगही बघा. हे सगळं तासाभराचं काम आहे.

कारण शोधण्याची जिद्द काय असते त्याचं एक उदाहरण देतो. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर मधूनच आपोआप रिसेट व्हायला लागला. तिथे ना दुकानदार, ना बटण दाबणारा माणूस. इंजिनिअरांनी काय केलं? पृथ्वीवर तसंच मशीन लावून तोच बिघाड पुन्हा घडवून आणला आणि कारण पकडलं. ते कारण हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. मीटर रूमची किल्ली शिपायाकडे आहे. रेक्टरना ती तातडीने हवी आहे. पण मधल्या क्लार्कने शिपायाला आपल्याच कामाला जुंपलंय. शिपाई मोकळा होत नाही, किल्ली सुटत नाही, आणि सगळ्यांत मोठा माणूस दारात उभा! याला ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ म्हणतात. आतल्या पहारेकरी टायमरला दिसलं, की महत्त्वाचं काम वेळेत होत नाहीये, म्हणून तो मशीन रिसेट करत होता. उपाय असा, की किल्ली हातात असेपर्यंत शिपायाला रेक्टरचा मान द्यायचा. म्हणजे क्लार्क त्याला अडवू शकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होतीच, फक्त बंद ठेवलेली. कोट्यवधी किलोमीटरवरून ती चालू करण्यात आली आणि रिसेट थांबले.

यावर आमचे मित्र म्हणतात, “पण रिसेटमुळेच तर यान वाचलं ना!” मान्य. रिस्टार्ट वाईट नाही. त्याने अडकलेलं सगळं सुटतं आणि मशीन पहिल्यापासून मोजायला लागतं. पण रिस्टार्ट वेळ विकत घेतो, उत्तर देत नाही. आणि रिस्टार्ट वेगळा, फॉरमॅट वेगळा. एक गंमत बघा, विंडोज ८ पासून बहुतेक मशीनवर ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोजचा गाभा खरा बंद होतच नाही. तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात ‘रिस्टार्ट’ने होते. “रोज रात्री बंद करतो तरी हँग होतंय” म्हणणाऱ्या काकांना एवढं सांगितलं तरी निम्मी तक्रार मिटेल.

फॉरमॅट कधीच करू नये असंही माझं म्हणणं नाही. व्हायरसने सगळं पोखरलं असेल, विंडोजच्याच फायली खराब झाल्या असतील, तर करावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय, त्यामुळे जुनी मशीन नव्याने लावण्याची कामं येत्या सुट्टीत आपल्याकडेच येणार आहेत. हरकत नाही. पण आधी बॅकअप, मग कारण, मग घरच्यांची परवानगी, आणि सगळ्यात शेवटी फॉरमॅट. हा क्रम मोडू नका.

मशीन नीट करून दिलं की आपल्याला चहा मिळतो, कौतुक होतं. पण घरातलं कुणीतरी एक प्रश्न हमखास विचारतं, “काय झालतं रं त्याला?” या प्रश्नाला “काय माहीत, फॉरमॅट मारला” हे उत्तर दुकानदार देतो. आपल्याकडून लोक दुसऱ्या उत्तराची अपेक्षा धरतात. त्याच उत्तरासाठी घरच्यांनी ऊस घालून आपली फी भरलेली असते.